शिरोड्याची वाट, मावशीच्या कोंबड्या आणि शेजारचा वाघ्या

"मे महिन्यात कोकणात कुणी जातं का हो?" असं आमच्या सांगलीच्या शेजारणी मला दर वर्षी विचारतात. त्यांचं चुकतं असंही नाही. अंगाला घामाच्या धारा, अंथरुणाला चटके, आणि दुपारी बारा ते चार कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. मी मात्र जाते. मुलं लहान होती तेव्हा त्यांना घेऊन जायची, आता ती आपापल्या नोकऱ्यांना लागली, म्हणून एकटी जाते. ह्यांना रजा नसते हे सांगायचं कारण. खरं कारण असं की माशांचा वास आला की ह्यांचं डोकं उठतं!

शिरोड्याजवळच्या एका वाडीत माझी सख्खी मावशी राहते. सत्तरीला टेकली आहे. मुलगे मुंबईला, मावसे जाऊन बारा वर्षं झाली. घरात ती, एक मांजर आणि मागच्या परसात तिच्या कोंबड्या. आता तुम्ही म्हणाल, सहलीची हकिगत वाचायला बसलो तर ही कोंबड्यांवर कुठे आली? जरा दम धरा. गेल्या मे महिन्यात मी तिथे आठ दिवस राहिले, त्यातले निम्मे दिवस कोंबड्यांतच गेले. आणि तुमच्यापैकी कित्येकींच्या परसात चार कोंबड्या असतील, नाहीतर शेजारी कुत्रं तरी असेलच.

कोल्हापूरहून सावंतवाडीची एसटी आजऱ्यावरून जाते. आजरा सोडलं की हवा बदलते, आणि आंबोलीला गाडी थांबली की चहा घेतल्याशिवाय कुणी पुढे सरकत नाही. तुम्ही पावसाळ्यात गेलात तर घाटातले धबधबे पाहाल. मे महिन्यात तिथे नुसता काळा ओला कातळ दिसतो. पण घाट उतरताना खिडकीतून जो वास येतो, पिकलेल्या काजूबोंडांचा, करवंदांचा, तापलेल्या तांबड्या मातीचा, तो पावसाळ्यात मिळायचा नाही. सावंतवाडीला मोती तलावाच्या काठी उतरायचं, वेळ असेल तर चितार आळीत लाकडी फळं आणि खेळणी पाहायची. (घेऊ नका म्हणत नाही, पण भाव करा.) मग शिरोड्याची गाडी पकडायची. आजगाव मागे पडलं की माडांची दाटी सुरू होते आणि घामाचीही.

शिरोडा गाव लहान, पण नाव मोठं. १९३० साली इथल्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत इथल्या शाळेत शिक्षक होते. शेजारचं आरवली म्हणजे जयवंत दळवींचं गाव. आणि त्याच आरवलीत वेतोबाचं देऊळ. वेतोबा हा गावचा राखणदार. रात्री तो गावाभोवती फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून नवस फेडायला लोक त्याला चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात आणि केळ्यांचे घड देतात. त्या वहाणा बघून मला दर वेळी वाटतं, रात्रभर जागून राखण करणाऱ्याच्या पायांची काळजी करणारा हा देश किती शहाणा आहे. हे वेतोबाचं मी उगीच सांगत नाही. पुढे त्याचा संबंध येतो.

तर संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी मावशीच्या खळ्यात पाय ठेवला. खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. नेहमी मी आले की दोन गोष्टी होतात. मावशी ओरडते, "इलंस गो?" आणि शेजारच्या काकी गडग्यावरून मान काढून विचारतात, "सांगलीची पावणी इली काय?" गडगा म्हणजे चिऱ्याचे तुकडे नुसते एकावर एक रचून केलेली बुटकी भिंत. चुना नाही, सिमेंट नाही. दोन्ही घरांच्या मध्ये असा कमरेएवढा गडगा आहे. त्यावरून गेली चाळीस वर्षं आमटीच्या वाट्या, विरजण आणि गावच्या बातम्या इकडून तिकडे गेल्या आहेत.

या वेळी मावशी नुसती "ये" म्हणाली. काकींच्या घराचं दार बंद. आणि तुळशीवृंदावनाच्या मागे तांबूस पिसं पसरलेली.

मी पाय धुतले, चहा घेतला, आणि मग हळूच विचारलं. मावशीने उत्तर दिलं नाही. मला हाताला धरून माजघरात नेलं. तिथे बांबूच्या टोपलीत भाताचं तूस, त्यावर जुनं लुगडं, आणि लुगड्यात अकरा अंडी. वरून एक पिवळा बल्ब लोंबत होता.

"एकोणीस दिवस झाले," मावशी म्हणाली. "दोन दिवसांनी पिलां भायर पडली असती."

झालं होतं असं. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की एकवीस दिवस हलत नाही हे तुम्हाला ठाऊक असेल. पण दिवसातून एकदा, पाव तास, फार तर वीस मिनिटं, ती दाणापाणी करायला आणि पंख झटकायला बाहेर येते. आदल्या दिवशी दुपारी ती तशीच बाहेर आली. पावसात गडग्याचा एक कोपरा ढासळला होता, तो वर्षभर तसाच होता. त्या भगदाडातून काकींचा वाघ्या आत आला. मावशी पडवीतून काठी घेऊन धावेपर्यंत सगळं आटोपलं होतं. एप्रिलपासून ही तिसरी. पहिली गेली तेव्हा मावशीने मुंगसावर घातलं. दुसरीच्या वेळी संशय आला, पण बोलली नाही. तिसऱ्या वेळी डोळ्यांनी पाहिलं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा दोघींचं गडग्यावरून कडाक्याचं भांडण झालं.

"कोंबडी खाल्ल्यान तां खाल्ल्यान," मावशी म्हणाली, "पण वयनी माका विचारता, तुझी कोंबडी माझ्या कुत्र्याच्या नजरेसमोर कित्याक इली!"

शहरातल्या आपल्याला वाटेल, कोंबडी ती काय, बाजारातून दुसरी आणावी. पण मैत्रिणींनो, त्या कोंबड्या म्हणजे मावशीची स्वतःची कमाई. मुलगे महिन्याला पैसे पाठवतात, त्यातून वीज, औषधं, वाणसामान भागतं. पण नातीच्या वाढदिवसाला पाठवायचे पैसे, देवळातली ओटी, मला जाताना हातावर ठेवायची शंभराची नोट, हे सगळं अंड्यांतून येतं. गावठी कोंबडी काही रोज अंडं देत नाही. बारा-पंधरा दिवस देते, मग खुडूक होते. वर्षाची ६०-७० अंडी झाली तरी पुष्कळ. पण त्या अंड्याला गिऱ्हाईक दारात येतं आणि पोल्ट्रीच्या अंड्याच्या दुप्पट पैसे मोजून जातं. आपण डाळीच्या डब्यात नोटा ठेवतो ना, तसा हा मावशीचा डबा. तो शेजारच्या कुत्र्याने फोडला होता.

त्या रात्रीची गोष्ट सांगते. जेवणं झाली. पडवीतल्या कोंबड्या डालग्याखाली डालल्या. डालगं म्हणजे बांबूची मोठी उपडी टोपली, वर दगड ठेवायचा. मी झोपले. अकराच्या सुमाराला जाग आली तर मावशी अंधारात बसलेली. बाराला बॅटरी घेऊन मागचं दार तपासून आली. एकला पुन्हा.

"झोप येत नाही का गं मावशी?"

"आज वाघ्या भुकणा नाय," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. भांडणाच्या रागात काकींनी वाघ्याला घरात साखळीने बांधलं होतं. रोज रात्री तो मोकळा असायचा, आणि दोन्ही घरांच्या भोवती हिंडायचा. पानसुद्धा हललं तरी भुंकायचा. दोन घरं, दोन एकट्या बायका, मागे काजूची बाग आणि त्यापलीकडे रान. त्या रानात बिबट्याचा वावर आहे. मागे एकदा वाडीतल्या गोठ्याशी तो आला होता. काजूच्या दिवसांत बी चोरणारे येतात ते वेगळेच. दिवसा केलडी, म्हणजे आपली तांबड्या तोंडाची माकडं, नारळ पाडून जातात. या सगळ्यांना वचक वाघ्याचा. मावशी गेली सहा वर्षं शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या भरवशावर झोपत होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. सकाळी पाहिलं तर साळिंदराने नव्या लावलेल्या दोन माडांचे कोंभ खाऊन टाकले होते.

त्यातच पहाटे वीज गेली. मे महिन्यातली वावटळ आली की तिकडे वीज जाणार हे ठरलेलं. बल्ब विझला. आम्ही चूल पेटवली, पाणी कोमट केलं, तीन बाटल्यांत भरलं, त्या फडक्यात गुंडाळून तुसात अंड्यांच्या कडेने ठेवल्या. हे लिहून ठेवा, कधी कामाला येईल. अंडी शेवटच्या दोन-तीन दिवसांत असली की आतल्या पिलाची स्वतःची ऊब तयार झालेली असते, थोडा वेळ गार झाली तरी लगेच आशा सोडायची नाही. ऊब साधारण १०० अंश फॅरनहाइटची हवी. आम्ही घरातला तापाचाच थर्मामीटर अंड्यांशेजारी ठेवला होता. जवळ वाटीभर पाणी हवं, नाहीतर कवचाच्या आतली पातळ त्वचा सुकते आणि पिलू अडकतं. अठराव्या दिवसानंतर अंडी उलटीपालटी करायची नाहीत. आणि बल्ब जुन्या पद्धतीचा पिवळा पाहिजे. एलईडीचा उजेड पडतो, ऊब पडत नाही. मावशीला तो बल्ब मिळायला वाडीत चार घरं फिरावी लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सल्ले देणारे येऊ लागले. गावात बातमी लपत नाही. एक म्हणाला, मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधा, आठ दिवसांत किळस येऊन सोडेल. हा उपाय बऱ्याच ठिकाणी सांगतात. त्याने वास सुटतो, माश्या घोंगावतात, आणि कुत्रा सुटला की पुन्हा कोंबडीमागे धावतोच. दुसरा म्हणाला, चांगला चोपा. पण कुत्र्याला तासाभराने मारलं तर मार कशाबद्दल तो त्याला कळत नाही. मुंबईच्या मावसभावाने फोनवर सांगितलं, तक्रार द्या. २००७ पासून गावोगाव तंटामुक्त समित्या झाल्या, तिथे अर्ज करता येतो हे खरं. पण मावशी म्हणाली, समितीत बसणारे सगळे काकींचे नाहीतर आपलेच भाचे-पुतणे, त्यांच्यापुढे काय बोलायचं?

आणि एक जण, नाव कशाला सांगू, हलक्या आवाजात म्हणाला, मटणाच्या तुकड्यातून देऊन टाका, कुणाला कळायचं नाही.

मावशी उठून उभी राहिली. "मुक्या जीवाक इख घालूचा? माझ्या दारात ह्यां बोलूचा नाय." चहा अर्धा टाकून तो माणूस गेला. मैत्रिणींनो, असं कुणी सुचवलं तर तुम्हीही असंच उठून उभ्या राहा. हा गुन्हा आहे, शिक्षा होते, हे तर आहेच. पण विष कुत्र्यापाशी थांबत नाही. मांजर, कावळा, आपल्याच कोंबड्या, कुणाचं रांगतं मूल, कुणाच्या तोंडी जाईल याचा नेम नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी आरवलीला वेतोबाच्या पाया पडायला गेलो. मावशी मूर्तीपुढे बराच वेळ उभी होती. बाहेर आल्यावर वहाणांच्या त्या राशीकडे बघत म्हणाली, "राखणदाराक लोक वाणो घालतत. आणि मी वयनीच्या राखणदाराक काठी मारलंय." बस, एवढंच. परतीच्या वाटेवर आम्ही माशांच्या भावाबद्दल बोललो.

मी मनाशी ठरवलं. सकाळी सांगलीहून आणलेली बेदाण्याची पुडी घेतली आणि काकींच्या दारात गेले. भांडण दोघींचं, त्यात माहेरवाशिणीने पडू नये म्हणतात. पण पाहुणीला एक सोय असते, तिला कुणी "तू मध्ये पडू नकोस" म्हणत नाही.

काकींनी बसायला पाट दिला. वाघ्या खुंट्याला बांधलेला, डोकं पुढच्या पायांवर. त्याच्या कानाशी काठीचा वळ होता. काकी बेदाण्यांकडे बघत बसल्या. मग विचारलं काय, तर, "अंडी कितकी रवली?" म्हणजे किती राहिली. त्यांना सगळं ठाऊक होतं. विहिरीपाशी पिसं सापडली तेव्हाच त्या समजल्या होत्या. पहिल्या कोंबडीच्याही वेळी. लाजेने बोलल्या नाहीत, आणि मावशीने तोंडावर विचारलं तेव्हा लाजेचा राग झाला.

"तो रात्री भुकता म्हणान तुझी मावशी निजता," काकी म्हणाल्या. "तां तुका कोणी सांगला नाय."

"सांगितलं नाही, पण दोन रात्री मी स्वतः बघितलं," मी म्हटलं.

मग आम्ही कामाचं बोललो. काकी वाघ्याला दर वर्षी रेबीजची लस टोचून घेतात. त्या निमित्ताने ओळख झालेल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहिते, कारण गाव बदललं तरी कुत्रा तोच असतो. कुत्रा दुष्टपणाने कोंबडी मारत नाही. फडफडणारं, पळणारं दिसलं की मागे धावणं त्याच्या रक्तात असतं. एकदा पकडण्याची गोडी लागली की नुसत्या दटावण्याने जात नाही. म्हणून पहिलं काम वाट बंद करणं, शिकवण नंतर.

वाट म्हणजे गडगा. काकींनी एक गडी बोलावला, मजुरी अर्धी-अर्धी ठरली. हे ठरवताना दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, दोघीही माझ्याशी बोलल्या! भगदाड बुजलं, गडगा हातभर उंच झाला. मग परसात कोंबड्यांसाठी बारा फूट लांबीचं कुंपण घातलं. इथे मावशी एक चूक करणार होती, ती तुम्ही करू नका. दुकानात षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी मिळते, तिला कोंबडीची जाळीच म्हणतात. ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. मोठा कुत्रा ती दातांनी फाडतो. घ्यायची ती वेल्डिंगची, जाड तारेची, इंचभर छिद्राची. उंची पाच-सहा फूट. आणि कुत्रा वरून उडी मारण्याआधी खालून उकरतो, तेही अगदी जाळीच्या मुळाशी. एरवी जाळी फूटभर जमिनीत पुरायची. पण तिकडे चार बोटं माती आणि खाली जांभा दगड, कुदळीतून ठिणग्या निघतात. म्हणून गड्याने जाळीचा खालचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला वाकवून जमिनीवर पसरला आणि त्यावर चिरे रचले. कुत्रा उकरायला उभा राहतो तो त्या जाळीवरच. वरती घारींसाठी जुनं मासे धरायचं जाळं ताणलं. ते वाडीत फुकट मिळतं, तुमच्याकडे कदाचित नाही मिळणार. दाराला सुतळी नव्हे, कडी. कोंबड्या उडून बाहेर जात असतील तर एकाच पंखाची लांब पिसं कात्रीने कमी करायची. दोन्ही नव्हे, एकाच, म्हणजे तोल जातो आणि उडी जमत नाही. दुखत काही नाही, आपण नखं कापतो तसंच, आणि पुढच्या पिसांच्या वेळी पुन्हा येतात.

एक कोंबडी आधीच्या वेळी वाघ्याच्या तोंडातून सुटली होती, शेपूट त्याच्या दातात ठेवून. तिला मावशी लांडी म्हणते. तिची जखम मिठाच्या पाण्याने धुऊन हळद लावली होती आणि तिला आठवडाभर वेगळं ठेवलं होतं. हे वेगळं ठेवणं फार महत्त्वाचं. रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्याच टोचून टोचून जीव घेतात. कुत्र्याने सोडलं आणि जावांनी मारलं, अशी गत. (हसू नका, काही जणींना अर्थ कळेल.)

शिकवणीचं काम मी अंगावर घेतलं. सकाळी आणि संध्याकाळी वाघ्याला दोरीने धरून कुंपणापासून वीस पावलांवर बसायचं. कोंबडीकडे बघून तो ताणला गेला की दोरी न ओढता त्याचं नाव घ्यायचं. वळून आपल्याकडे बघितलं की लगेच भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. पहिल्या दिवशी माझे हात खरचटून निघाले. तिसऱ्या दिवशी तो कोंबड्या सोडून माझ्या पदराच्या गाठीकडेच बघत बसला, कारण बांगडा तिथे होता! डॉक्टरांनी बजावलं होतं की यावर भुलून त्याला कोंबड्यांत एकटं सोडायचं नाही, आज नाही, सहा महिन्यांनीही नाही. तेव्हा दोघींनी वेळा वाटून घेतल्या. सकाळी कोंबड्या सोडायच्या आत वाघ्या खुंट्याला, सावलीत, पाणी पुढे ठेवून. केलडी आली तर बांधल्या जागेवरून भुंकला तरी पुरतं. संध्याकाळी मावशीने कोंबड्या डालल्या की तिने गडग्यावरून हाक द्यायची, "डालल्या गो!" आणि ती हाक ऐकल्यावरच काकींनी साखळी सोडायची. अबोला असताना हे जमणार कसं, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पहिल्या संध्याकाळी मावशी गडग्यापाशी जाऊन दोन मिनिटं नुसतीच उभी राहिली. पलीकडे काकीही उभ्या. शेवटी मावशीने हाक मारली, ती इतकी मोठ्याने, की रस्त्यावरचा सायकलवाला थांबला.

अंड्यांचं सांगायचं राहिलं. मी आले त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी टोपलीतून चिव-चिव ऐकू आली. कवच अजून शाबूत, आवाज आतून. मावशी आणि मी पाटावर बसून होतो. कवच फोडायला मदत करायचा फार मोह होतो, पण हात लावायचा नाही. घाईने सोललं तर रक्त येतं. अकरातली पाच फुटली, सहा राहिली ती राहिलीच. दुसऱ्या दिवशी वाळून, फुगून पाचही पिलं लोकरीच्या गोळ्यांसारखी दिसू लागली. मावशीने लगेच मानमोडीच्या लशीची चौकशी केली. गावठी कोंबड्या काटक खऱ्या, पण मानमोडीच्या साथीत खुराड्यातली निम्मी-अर्धी सहज जातात. पहिल्या आठवड्यातच डोळ्यात थेंब घालून लस द्यायची असते.

निघायच्या आदल्या दिवशी काकी आठवड्याच्या बाजारातून आल्या आणि गडग्यावर एक पिशवी ठेवून गेल्या. आत पाय बांधलेली एक तलंग, तांबूस रंगाची, गेलेल्या कोंबडीसारखीच. मावशी म्हणाली, "तिका सांग, पैसे नको होते." मी म्हटलं, "तूच सांग." ती गेली, आणि अर्ध्या तासाने परत आली तेव्हा हातात काकींच्या घरची सोलकढी होती.

जून-जुलैत फोनवरून कळत राहिलं. पावसात गडगा टिकला. एक पिलू घारीने नेलं, वरच्या जाळ्याची गाठ सुटली होती. श्रावणात वाघ्याने एका रात्री भुंकून भुंकून वाडी जागी केली. सकाळी चिखलात बिबट्याची पावलं दिसली. डालग्याला धक्का नव्हता.

परवा, दिवाळीनंतर, मावशीचा पुन्हा फोन आला. चार पिलांतले दोन कोंबडे निघाले. त्यातला एक पहाटे तीनलाच आरवायला लागतो, आणि गडग्याच्या अगदी कडेला उभा राहून, काकींच्या खिडकीकडे तोंड करून आरवतो. आता काकींची झोप जाते. काल त्या गडग्यावरून म्हणाल्या म्हणे, माझो कुत्रो मी बांधलंय, आता तुझो कोंबडो तू बांध.

मावशी मला विचारत होती, कोंबड्याला बांगडा दिला तर तो गप्प बसतो का?